दीड ते पावणेतीन

८ जुलै २०२५, मंगळवार

तिसऱ्यांदा झोपली! फोनवर! मी आपला बोलतोय, बोलतोय — कारखान्यात हर्षदशेठनी सगळ्यांदेखत कसं झापलं, मी उत्तर कसं गिळलं — आणि तिकडून नुसता श्वास. "प्रतिक्षा?" काही नाही. "प्रतिक्षा!!" तेव्हा म्हणते, "हं... लिमिटमध्ये आहे." लिमिटमध्ये! झोपेत लॅबचा रिझल्ट सांगतेय मला!

फोन कापला. मग अर्धा तास फोनकडेच बघत बसलो. परत येईल म्हणून. आला नाही.

ही वही कॉलेजची. पुढची वीस पानं फिजिक्सची होती, फाडून टाकली. दोन वर्षं झाली. सर जर्नलवर सही देईनात, मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटलं आणि चालता झालो. अख्खा वर्ग चिडीचूप. एकटी प्रतिक्षा मागच्या बाकावरून म्हणाली, "झालं समाधान?" तिथेच प्रेमात पडलो. ती बीएस्सी पुरी करून रोह्यात कंपनीच्या लॅबला लागली. मी कॉलेज सोडून पेणला, गणपतीच्या कारखान्यात. रंग मारतो. राहायला कारखान्याचाच माळा.

ती दमते म्हणे. मग मी काय इथे सोंगट्या खेळतो?


९ जुलै, बुधवार

दोनशे दहा मूर्ती डोळ्यांसाठी थांबल्यात. पितांबर झाले, सोंडा झाल्या, दागिने झाले — आणि तोंडावर दोन पांढऱ्या जागा. सगळे आंधळे बसलेत रांगेत. डोळे काढणं म्हणजे आखणी, आणि आखणी फक्त महिपतीकाका करतात. सत्तरीचा माणूस. गागोद्याहून पहिल्या एसटीने येतो.

आणि दीड वाजला की आडवा होतो! चतुर्थी दीड महिन्यावर आणि हा माणूस ब्रश धुतो, हात कोपरापर्यंत धुतो, कॉम्प्रेसरचं बटण स्वतः बंद करतो — हवेत रंग नको म्हणून — रांगांच्या मधोमध गोणपाट टाकतो, डोळ्यांवर ओलं फडकं. पावणेतीनपर्यंत. कॉम्प्रेसर बंद म्हणजे सगळे स्प्रे-गन मारणारेही बंद. हर्षदशेठ बाहेर मोबाइलवर येरझाऱ्या घालतात. काय बोलणार! डोळे दुसरं काढणार कोण?

मी काढणार. ठरवलंय. रंग मारणारे छप्पन्न मिळतात. प्रतिक्षाच्या बाबांसमोर उभं राहायचं तर आखणीकार म्हणून.

आज धीर करून विचारलं. "काका, मला आखणी शिकवा."

"पडता येतं?"

"काय?"

"पडता. आडवं. गप."

"त्यात काय यायचंय?"

"मग उद्या ये बाजूला. ते जमलं की ब्रश देतो."

थट्टा करतात का माझी?


११ जुलै, शुक्रवार

चार मिनिटं! घड्याळ लावून.

पाठीला गोणपाट टोचतं. मोबाइल खिशात थरथरल्यासारखा वाटतो — थरथरत नाही. मग हर्षदशेठ आठवतात, मग फिजिक्सचे सर, मग हिचं लिमिट. मग डास. काका फडक्याखालून म्हणाले, "वळवळ ऐकू येते हां. ऊठ."

हौसामावशी पॉलिश पेपर घेऊन मूर्ती घासते, पंचवीस वर्षं घासते. तिचा दात नसलेला हसरा चेहरा आणि ती जीभ! "मिथुन्या, तुझ्यापरीस जिताडा मासा बरा रे! टोपलीत टाकला की गप तरी पडतो."

सगळे हसले. मूर्तीसुद्धा हसल्या असतील, पण त्यांना डोळे नाहीत म्हणून कळलं नाही.


१३ जुलै, रविवार

संपलं. बहुतेक.

सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो. कुंडलिकेच्या काठावरचा आमचा बाक. पोह्याचे पापड नेले होते, तिच्या आईला आवडतात म्हणून. काय काय बोलायचं ते गाडीत तीनदा म्हणून घेतलं होतं. ती आली ती सरळ ड्युटीवरून — काल दुपारी घुसलेली, डबल ड्युटी करून आज सकाळी सुटली. तिच्या जागी येणारा रिलीव्हर आलाच नाही म्हणे. बसली. "बोल," म्हणाली. मी सुरू केलं. दहा मिनिटांत मान माझ्या खांद्यावर. झोपली!

नदीला एवढं पाणी, समोर डोंगर हिरवागार, मी पेणवरून आलेलो — आणि ही घोरतेय. हलवून उठवली. म्हटलं, मी एवढ्या लांबून येतो आणि तू झोपतेस?

डोळे उघडायला तिला वेळ लागला. खालची कड लाल, वरची पापणी अर्ध्यावर येऊन थांबलेली. म्हणाली, "घरी पडले तरी डोक्यात मशीन चालू असतं रे. तुझ्याजवळच झोप येते."

मी म्हटलं, "म्हणजे मी काय उशी?"

ती उठली. पापड बाकावरच ठेवले. "मिथुन, फोन करू नकोस."

पापड परत आणले. हौसामावशीला दिले.


१७ जुलै, गुरुवार

फोन केला नाही. तिनेही नाही. चार दिवस.

हर्षदशेठनी भिंतीला पांढरा बोर्ड लावलाय. वर लाल अक्षरात — टार्गेट. मालकांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून कारखाना हर्षदशेठच बघतात. वय माझ्याहून सहा-सात वर्षांनी जास्त, पण बोलतात मामलेदारासारखे. काकांच्या नावापुढे रोज खाली जाणारा बाण. पुण्याचा टेम्पो मंगळवारी यायचाय.

संध्याकाळी मला बाजूला घेतलं. "मिथुन, तुझी रेघ बघितली मी, दागिन्यांची. हात साफ आहे तुझा. म्हातारा असाच पडत राहिला तर चतुर्थी इथेच उजाडेल. माळ्यावर चाळीस पीस चढवतो. सव्वा फुटी. तू आख. त्याला कळायची गरज नाय."

छाती अशी फुगली! काकांना विचारावं असं वाटलं — क्षणभर. मग म्हटलं, पडायला शिकवतायत मला! बसा पडून.


२० जुलै, रविवार

तिसावा झाला. जेवणही माळ्यावरच. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतंय. पण हात थांबत नाही! तिला फोटो पाठवायचा होता. पाठवला नाही. आधी चाळीस होऊ देत. मग बघेल — हा मुलगा काय आहे!


२२ जुलै, मंगळवार

लिहायला लाज वाटते. पण लिहितो.

टेम्पो आला. चाळीस मूर्ती माळ्यावरून खाली आणून दाराजवळ रांगेत ठेवल्या. उजेडात. सगळे बघायला आले आणि कुणी बोलेचना. मला वाटलं, भारावले.

मग हौसामावशी. "अगो बाय... बाप्पाला डबल ड्युटी कुणी लावली?"

मी वळून बघितलं. चाळीसच्या चाळीस — दमलेले! वरची पापणी अर्ध्यावर, खालच्या कडेला लालसर रेघ. पेंगणारे चाळीस गणपती! एक-दोन नाही. रेघ कुठे हललेली नाही, बुबुळं बरोबर मध्यात, सगळं साफ. आणि तरी बघवत नव्हतं.

हर्षदशेठ जे काही बोलले ते इथे नको. टेम्पो चाळीस कमी घेऊन गेला. मी पण उलट बोललो, तेही नको.

काका फडक्याने हात पुसत आले. पहिल्यासमोर उकिडवे बसले. मग दुसऱ्यासमोर. पाच-सहा झाल्यावर मला विचारलं, "ही पोर कोण?"

"कोण पोर?"

"चाळीस वेळा काढलीस आणि मला विचारतोस?"

मी पुन्हा बघितलं — कुंडलिकेच्या बाकावरचे डोळे.

"दमलीय रे ती," काका म्हणाले. "लय दमलीय. तुला दिसलं नाय?"


२३ जुलै, बुधवार

"तुझ्याजवळच झोप येते."

दहा दिवस झाले ते वाक्य ऐकून. आज कळलं. गाढव. गाढव. गाढव.


२४ जुलै, गुरुवार

चाळीस चेहऱ्यांवर पांढरा मारायचं काम माझ्याकडेच. बरोबरच आहे. एकोणचाळीस पुसले. शेवटच्याला ब्रश लावणार तेवढ्यात काकांनी हात धरला. "हा एक राहू दे. तुझ्याकडे ठेव."

मग म्हणाले, रागावलो नाय हां मी. हात हाय तुझ्याकडे. पण थांबत नाय तू, म्हणून जे डोक्यात असतं तेच खाली उतरतं.

दीडला न सांगता गोणपाट टाकलं त्यांच्या बाजूला. फडकं भिजवून डोळ्यांवर. मोबाइल माळ्यावरच ठेवला. पत्र्यावर पाऊस. कॉम्प्रेसर थांबला की कारखाना किती मोठा वाटतो! कुठेतरी डब्यात टप टप. मावशीचा पॉलिश पेपर पण थांबलेला. अकरा मिनिटं तरी पडलो असेन.

तेव्हा काकांनी फडक्याखालूनच सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. ते चाळीशीत होते तेव्हाचं. सीझन अंगावर, चार दिवस पाठ टेकली नव्हती. शेवटची एक मंडळाची मोठी मूर्ती होती, तिचे डोळे काढले, पाठवली. कुणाला काही दिसलं नाही. दहा दिवस लोक रांगा लावून पाया पडले. काका विसर्जनाला गेले, गर्दीत समोर उभे राहिले, इकडे सरकले, तिकडे सरकले. "तो बघतच नव्हता रे. कुणाकडेच नाय. माणसं हात जोडून उभी, आणि मला एकट्याला ठाऊक."

तेव्हापासून दीड ते पावणेतीन.


२६ जुलै, शनिवार

तिला मेसेज केला. चार वेळा लिहून खोडला. शेवटी एवढंच — "मी चुकलो. पेणला ये कधीतरी. बोलायचं काही नाही. झोपायला ये."

पाठवल्यावर वाचलं आणि घाम फुटला. हे वाचून काय समजेल ती!!

दुसरा पाठवला — "म्हणजे कारखान्यात. सगळे असतात. हौसामावशी पण असते."

आणखीच वाईट झालं.


२७ जुलै, रविवार

उत्तर — हसणारा एक चेहरा. बस. दिवसभर तोच बघतोय.


१ ऑगस्ट, शुक्रवार

झोपलो!! खरंखुरं! पावणेतीनला काकांनी पायाच्या अंगठ्याने ढोसलं तेव्हा उठलो. गालावर लाळ. कुठे आहे तेच कळेना. उठल्यावर समोरच्या आंधळ्या मूर्तीकडे बघितलं — आणि पापणीची रेघ कुठे संपायला हवी ते सरळ दिसलं. कुणी सांगितल्याशिवाय. तिथेच बोट ठेवलं. काका बघत होते. ब्रश मात्र दिला नाही!

पण मी चिडलो नाही. हे लिहून ठेवायला हवं.


५ ऑगस्ट, मंगळवार

हर्षदशेठनी कॉम्प्रेसरवर कागद चिकटवलाय. "कामाच्या वेळेत झोपण्यास सक्त मनाई. — हुकुमावरून."

दीड वाजला. काका आले, चष्मा काढून पुसला, वाचलं. "ऐन सीझनात भांडण नको," म्हणाले, आणि जाऊन परत आखणीला बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा! मी बघत होतो. ब्रश उचलला, टेकवला, परत उचलला. पाठ अशी वाकलेली.

माझ्या कानशिलात ते सुरू झालं. जर्नलच्या वेळचं. कॉम्प्रेसर उचलून रस्त्यात टाकावा. कागद फाडून शेठच्या हातात द्यावा. पाय तिकडे निघालेसुद्धा. मग काय झालं ठाऊक नाही — बटण बंद केलं, गोणपाट ओढलं आणि वाटेत आडवा झालो. बरोब्बर मधोमध. फडकं डोळ्यांवर.

बुटांचा आवाज आला. "मिथुन, ऊठ."

"नाय."

"वाचता येत नाय तुला?"

"डोळ्यांवर फडकं हाय शेठ."

"कामावरून काढीन!"

"काढा. पावणेतीनला."

कुणीतरी फिसकन हसलं. मग बांगड्या वाजल्या. "सरक रे मेल्या, जागा दे. गुडघे कधीचे बोलतायत माझे." हौसामावशी! मग एक गोणपाट, आणखी एक. गन मारणारे तिघं, दागिनेवाले दोघं. सगळ्यात शेवटी काकांचा आवाज, अगदी कानाजवळ. "हे काय पडणं नाय रे. हा मोर्चा झाला." थोड्या वेळाने — "चालंल."

शेठ काही तरी बोलत होते. आडव्या माणसाशी भांडायचं कसं? हळूहळू ते पण थांबलं.

पावणेतीनला फडकं काढलं. शेठ रंगाच्या ड्रमवर बसलेले, डोकं भिंतीला, तोंड उघडं — गाढ झोपलेले! हातातला मोबाइल मांडीवर घसरलेला. वडिलांचं हॉस्पिटल, इथला कारखाना, तो टेम्पो, हा डीलर — महिनाभर त्यांना बसलेलं मी बघितलंच नव्हतं. झोपेत अगदी शाळेतल्या पोरासारखे दिसत होते.

कोणीतरी कॉम्प्रेसरकडे गेला. काकांनी बोट तोंडावर ठेवलं. सव्वातीनपर्यंत आम्ही सगळ्यांनी बिनआवाजाची कामं केली.


६ ऑगस्ट, बुधवार

कागद नाही. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे आहेत. दीडला शेठ स्वतः आले, बटण बंद केलं आणि बाहेर गेले.

मला कामावरून काढलेलं नाही. बहुतेक.


१० ऑगस्ट, रविवार

आली! एक वाजता पेण स्टँडवर उतरली, पाठीला ड्युटीची बॅग. मी काहीच बोललो नाही. खरंच! रस्ताभर. तीच म्हणाली, "बरा आहेस ना?"

कारखान्यात शिरली तशी हौसामावशी — "ये गो बाय. तूच काय ती चाळीस वेळची?" मला जमिनीत जावंसं वाटलं. मग तो एक दाखवावा लागला, ठेवलेला. तिने बराच वेळ बघितलं. हसेल वाटलं. डोळे भरले तिचे. "अशी दिसते मी?"

"तेव्हा दिसायचीस."

"आता?"

"आता पण."

मावशीने स्वतःचं गोणपाट झटकून टाकलं, वर आपली शाल. दीड वाजले. ती आडवी झाली आणि मिनिटभरात झोपी गेली. पावणेतीनला मी हलवायला वाकलो. काका म्हणाले, "हात लावशील तर बघ." कॉम्प्रेसर चालू झाला, गन चालू झाल्या, मावशीची खरखर चालू झाली. ती ढिम्म हलली नाही. सगळे तिला वळसा घालून ये-जा करत होते, एक भली मोठी मूर्ती तर दोघांनी तिच्या पायांवरून उचलून नेली. मी शेजारी बसून पितांबराचे काठ मारले. तिच्याशी एक शब्द न बोलता. इतका चांगला रविवार मला आठवत नाही.

पाचला उठली. गालावर गोणपाटाची जाळी उमटलेली.

"किती वाजले? मला चारला डबलला बोलावलं होतं आज."

"मग?"

"मग काय! झोपले ना." आणि हसायला लागली. थांबेचना. मोबाइलवर कंपनीचे सात मिस्ड कॉल. तिने ते मला दाखवले, एखादं बक्षीस दाखवावं तसे. उद्या जाऊन सांगणार आहे म्हणे — आठ तास करीन, रोज करीन, चोख करीन. डबल नाही.

"आणि काढलं तर?"

"पावणेतीनला काढा म्हणेन." तिला कुणी सांगितलं ते!! मावशीशिवाय कोण.


१२ ऑगस्ट, मंगळवार

फोनवर परत झोपली. कापला नाही. ऐकत राहिलो. तिला कामावरून काढलेलं नाही, एवढं सांगून झाल्यावरच झोपली.


१४ ऑगस्ट, गुरुवार

पावणेतीन झाले. काका उठले नाहीत. नऊ फुटी मूर्ती शिडी लावून त्यांच्यासाठी थांबलेली, सकाळपासून. तीन झाले. फडकं डोळ्यांवर, हात छातीवर, छाती हलते का ते मला दिसेना. "काका!" खांदा हलवला. "काका!!"

फडक्याखालून — "मेलो नाय. पडलोय अजून. तू आख."

"कुठला?"

"शिडी कुठल्याला लावलीय?"

हात धुतले, कोपरापर्यंत. वर चढलो. खाली सगळे थांबलेले. मी अडलो नाही, घाईही केली नाही. एकदाही.

उतरलो तेव्हा साडेचार. काका तसेच आडवे. फडकं जरासं वर करून त्यांनी एका डोळ्याने मूर्तीकडे बघितलं. बराच वेळ.

"बघतोय रे तो माझ्याकडे," म्हणाले. फडकं खाली ओढलं आणि कुशीवर वळले.